घोड्याला पाणी

दर दुसऱ्या बुधवारी मी वाचनालयाची गाडी घेऊन निघते.
चार चाकांवर अकराशे पुस्तकं,
नेवाडातला सरळसोट रस्ता, दोन्हीकडे राखाडी झुडपं,
आणि समोर तासभर जागचा न हलणारा एक डोंगर.

पहिला थांबा पाण्याच्या टाकीपाशी. बेन्यात एचेवेरी.
वय एक्क्याऐंशी. बास्क. सतराव्या वर्षी इथं आला, मेंढ्या राखायला.
इंग्रजी शिकला कळपामागच्या तंबूत, कंदिलाशी,
पिवळ्या कागदाच्या स्वस्त कादंबऱ्यांतून.
म्हणून अजूनही दुकानात दूध मागताना
तो थोडासा धमकावतो.

"मारामारी आहे ना?"
"आहे."
"कितव्या पानावर?"
"तिसऱ्या."
"उशीर केला," म्हणतो, आणि सहा पुस्तकं काखोटीला मारतो.

पुढचं मला न बघताही दिसतं.
दाराबाहेर खुर्ची, पाय उलट्या बादलीवर,
आणि पहिल्या ओळीपासूनच धूळ –
टापा, टापा, खिंडीच्या तोंडाशी सात स्वार,
बँकेची थैली फाटलेली, नोटा काटेरी तारांना लटकलेल्या,
पूल पेटलाय, पेटलाय, आणि हा पठ्ठ्या घोडा घालतोच पुलावर,
मागून गोळी, पुढून गोळी, टोपीला भोक,
टोपी मात्र डोक्यावरच,
फळी मोडते, लगाम सुटतो, खाली नदी आ वासून,
आणि प्रकरण तिथंच संपतं,
एका हातानं कड्याला लोंबकळत.

आत शेगडीवर घेवडा करपतो.
करपू दे.

स्वतः त्यानं आयुष्यात एकदाच बंदूक उडवली, एका कोयोटीवर.
नेम चुकला.
ती थांबून त्याच्याकडे बघत राहिली म्हणे, बराच वेळ.

पुस्तकं परत येतात तेव्हा समासात शिसपेन असते.
पान ४१: सहा गोळ्यांचं पिस्तूल. ही नववी.
पान ६०: साऱ्या मुलखात एकही मेंढी नाही?
पान ८८: सोमवारपासून पळतोय. घोड्याला पाणी कुणी पाजलं?

नियमानं मी हे खोडायला हवं.
खोडरबर खणात आहे. अजून कोरं करकरीत.

शेवटचा थांबा तिथून नव्वद मैल, बंद पडलेल्या खाणीचं गाव,
अकरा घरं, त्यातल्या एकात थोरा हॉगन.
तीस वर्षं खाणीच्या काट्यावर ट्रक तोलले तिनं,
नवरा गेल्यापासून रात्री वाचते, पहाटेपर्यंत,
आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत फोन उचलत नाही.

तिच्याकडून तेच पुस्तक परत आलं.
साठाव्या पानावर, टोकदार अक्षरात:
गोळीबार ऐकून गेल्या. मेंढ्या शहाण्या असतात.
आणि अठ्ठ्याऐंशीव्यावर:
८६ आणि ८७ च्या मध्ये ओढा होता. तिथं पाजलं.
तुम्ही फार भरभर वाचता.

बेन्यातनं ते वाचलं माझ्यासमोरच, उभ्या-उभ्या.
मग मागं गेला, शहाऐंशीव्या पानावर,
आणि बोटानं पुसून बघितलं, ओल लागते का.

दोन वर्षं झाली. खलनायकाच्या मिश्या,
शेरीफचा दुखरा दात, कुणी किती दिवस न जेवता राहू शकतं,
सगळ्यावर वाद झाले, समासात, माझ्या गाडीतून.
कोण आहे, हे दोघांनीही विचारलं नाही.
फक्त एकदा थोरा, पायरीवरून उतरताना:
"ते पाणीवाले या वेळी गप्प का?"
थंडी भरली होती त्याला. मी तेवढंच सांगितलं.
तिनं मान डोलावली, आणि त्या दिवशी
एक पुस्तक जास्त नेलं.

आज सकाळी त्यानं एक कादंबरी परत दिली, दोन्ही हातांनी.
उघडली. पान १०२.
पाठलाग ऐन रंगात, खिंड पेटलेली, सात स्वार हाकेच्या अंतरावर,
आणि नायक उतरतो.
ओढ्याशी. घोडा पाणी पितो.
अख्खं एक वाक्य, घोडा नुसता पाणी पितो.

खाली रेघ इतकी दाबून की कागद फाटलाय.
बाजूला एकच शब्द: बघा.

पुस्तक शेजारच्या सीटवर ठेवलंय, पट्टा लावून.
नव्वद मैल. डोंगर आज चक्क हलतोय.
आरशात माझीच धूळ उठलीय,
आणि मी, जिनं अकरा वर्षांत एकदाही वेगमर्यादा मोडली नाही,
खिंडीच्या तोंडाशी
उगाचच जरा खाली वाकते.